सोडलेली ओळ

सहाव्या वेळीसुद्धा सुमंगला गायलीच नाही.

काचेपलीकडच्या खोलीत ती पदर खोचून उभी होती. कानांवर ते मोठे हेडफोन, समोर माईक. गाणं सुरू झालं. आमच्या भाचीचा, गौरवीचा, आधीच भरून ठेवलेला आवाज आला : 'कडी काढून ठेवली, आई...' यापुढची उत्तराची ओळ सुमंगलेची. तिनं श्वास घेतला, तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. वाद्यं पुढे निघून गेली आणि माझी बायको बस चुकलेल्या माणसासारखी बघत राहिली.

साईशनं बटण दाबून सगळं थांबवलं. हा साईश म्हणजे गौरवीचा रेकॉर्डिंगवाला. चाळिशीचा, दाढीवाला, स्वभावानं गरीब.

"घाबरू नका काकी," तो माईकमधून म्हणाला. "चुकलं तरी चालतं. हवं तितक्या वेळा करू."

"मी घाबरूक नाय," सुमंगला म्हणाली.

आणि ते खरं होतं. ती कशाला घाबरते ते चौतीस वर्षं तिच्याबरोबर संसार करून मला अजून कळलेलं नाही. घाबरलो होतो मी. काचेअलीकडे, साईशच्या मागच्या कोपऱ्यात एका वेताच्या खुर्चीत मला बसवलं होतं. ती खुर्ची श्वास घेतला तरी कुरकुरायची आणि साईशचं ऐकणं बिघडायचं, म्हणून त्यानं आल्या आल्या बजावलं होतं, "काका, हलू नका." सकाळपासून मी शाळेत शिक्षा झाल्यासारखा बसलो होतो.

सांगायचं म्हणजे ही सगळी उठाठेव माझ्यामुळेच झाली होती.

गौरवी माझ्या धाकट्या बहिणीची, विनिताची मुलगी. ती स्वतः गाणी लिहिते, स्वतः चाली लावते, स्वतः गाते. तिचा पहिला अल्बम इंग्रजीत होता. आमच्या कारापुरात त्याला सगळ्यांनी 'बरो आसा' म्हटलं, म्हणजे कोणी ऐकला नव्हता. जानेवारीत तिचा फोन आला. म्हणाली, "मामा, दुसरो अल्बम करतंय. सोल म्युझिक. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचां, साठ वर्सांमागचां. थंय चर्चमध्ये एकटो गायचो आणि बाकीचे उत्तर द्यायचे, थंयसून इल्ला. शब्द आपले, चाली माझ्या, पण ढंग तो."

"म्हणजे भजनच," मी म्हणालो.

"म्हणूनच फोन केलंय. मामीक विचारशात? एका गाण्यात उत्तर देवूक माका तीच व्हयी."

मी उचलली जीभ लावली टाळ्याला आणि हो म्हणून टाकलं. सुमंगलेला न विचारता. तिनं त्यानंतर दोन दिवस मला फक्त पेज वाढली, वर लोणचंसुद्धा नाही.

मी हो का म्हटलं ते सांगतो. विनिताचं घर आमच्या घराला लागूनच. मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. गावातल्याच मुलाशी तिचं लग्न झालं, त्यामुळे बहीण सासरी गेली ती गडग्यापलीकडे. पुढे तिचा नवरा लवकर वारला आणि ती गौरवीला घेऊन तिथंच राहिली. दर गुरुवारी महिला भजनी मंडळ बसायचं. त्यात विनिता मुख्य गायची आणि सुमंगला तिच्या डाव्या हाताला बसून तिची ओळ झेलायची. भजनात एकजण ओळ सोडतो आणि मागचे ती उचलतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मागचे म्हणजे दहा जणी असल्या तरी झेलणारी खरी एकच असते. बाकीच्या तिच्या पदराला धरून येतात. सव्वीस वर्षं ही जोडी चालली. नणंद-भावजयीचं इतकं जमतं यावर आधी कोणी विश्वास ठेवत नसे. नंतर त्याचंच उदाहरण नव्या सुनांना देऊ लागले.

आणि हे गुरुवारपुरतं नव्हतं. रोज सकाळी विनिता विहिरीवर पाणी काढताना एखादी ओळ सोडायची. आमच्या स्वयंपाकघराच्या जनेलातून, म्हणजे खिडकीतून, सुमंगला ती उचलायची. एकीचा रहाट, दुसरीची कढई. मी तेव्हा खाणीवरचा ट्रक चालवायचो. पहाटे निघून पहिली खेप टाकून नाश्त्याला घरी यायचो तेव्हा हे चाललेलं असायचं. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. मंडळातल्या पुरुषांनी एकदा मला टाळ दिला होता आणि पुढच्याच आठवड्यात परत मागून घेऊन खिरापत वाटायला बसवलं होतं. पण त्या दोघींचं गाणं कानावर पडलं की घर जागेवर आहे एवढं मला कळायचं. खाणी बंद पडल्या, ट्रक गेला, मी जुनी पिकअप घेऊन भाड्यानं सामान वाहू लागलो, तेव्हाही ते चालू होतं.

दोन वर्षांमागे विनिता गेली. आठ दिवसांचा ताप आला आणि गेली. चोपन्न म्हणजे काही वय नव्हे.

मंडळात मग मनीषा मुख्य गाऊ लागली. बाई वाईट नाही, गळाही चांगला, पण शब्द मोबाईलमध्ये बघून गाते. डोळे मोबाईलवर, डावीकडे कोण आहे याचा पत्ता नाही. सुमंगला चार गुरुवार गेली. पाचव्या गुरुवारी टाळ मंडळाच्या पेटीत ठेवून आली. मी विचारलं तर म्हणाली, "सोडल्याशिवाय झेलू काय मी?" त्यानंतर तिनं तोंडातून सूर काढला नाही. देवापुढे आरतीसुद्धा ओठातल्या ओठात. गौरवी तिकडे पर्वरीला भाड्याच्या घरात, विनिताच्या दाराला कुलूप, विहिरीचा रहाट गंजलेला, आणि आमच्या जनेलातून फक्त फोडणीचा आवाज. मी एक रेडिओ आणून ठेवला. तो दोन दिवस ऐकून तिनं फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला.

मला तिचं गाणं परत हवं होतं. अल्बम होवो न होवो, सोल असो की आणखी काही असो. म्हणून मी हो म्हटलं, म्हणून तिला पिकअपमध्ये घालून कारापुराहून चोपड्यापर्यंत आणलं. तिथं नदीकाठी गौरवीनं दोन महिन्यांसाठी एक घर घेऊन रेकॉर्डिंगचं सगळं मांडलं होतं. आणि आता ती काचेपलीकडे तोंड उघडं ठेवून उभी होती. आज न गाता घरी परतली तर ही बाई पुन्हा कधी गाणार नाही, हे मी ओळखून होतो.

साईश हुशार माणूस. त्यानं वाट काढली. "काकी, असं करू. गाणं नकोच. तुम्ही नुसती तुमची ओळ एकटीनं पाच-सहा वेळा म्हणा. मी नंतर योग्य ठिकाणी जोडतो. कोणाला कळणारही नाही."

सुमंगलेनं हेडफोन काढून हातात घेतले. "एकटी मी उत्तर कोणाक देवू?"

"गौरवीला."

"ती खंय आसा हय? तिचो आवाज आसा नुसतो."

गौरवी माझ्या शेजारी उभी होती. सकाळपासून तिनं मामीला एकदाही टोचलं नव्हतं. पण तिच्या अंगठ्याचं नख कुरतडून अर्धं झालं होतं. लहानपणापासून तिची ती खोड. ती म्हणाली, "जेवया. मगे बगूया."

जेवण सुमंगलेनं घरून आणलं होतं. दुसऱ्याच्या गावात जायचं आणि त्यांच्या चुलीवर अवलंबून राहायचं हे तिला पटत नाही. भात, सुंगटांचं म्हणजे कोळंबीचं हुमण, शेवटा माशाच्या तळलेल्या तुकड्या. पाववाल्या पोदेराकडून गौरवीनं सकाळी घेतलेले गोल उंडे होते, ते साईशनं हुमणात बुडवून असे खाल्ले की सुमंगलेचं त्याच्याबद्दलचं मत तिथंच सुधारलं. बाल्कांवात, घराच्या पुढच्या ओट्यावर, आम्ही चौघं बसलो होतो. समोर नदीला भरती येत होती. एक होडी दोरीनं बांधलेली हलत होती.

"गौरवी, एक सांगू?" सुमंगला म्हणाली. "राग येवचो नाय मगे?"

"सांग गे मामी."

"तू ओळ सोडनस नाय. 'आई' म्हणतस आणि ती 'आई' फिरवीत, फिरवीत, पार माझ्या दारापर्यंत आणून ठेवतस. मी धरू खंय? कोणाच्या तोंडातली ओळ मी कधी काढून घेवूक नाय."

साईश म्हणाला, "जागा आहे काकी. मोजून अर्धी मात्रा आहे."

"अर्ध्या मात्रेत मी श्वास घेवू की गावू?"

मी म्हणालो, "ते त्या गाण्यांचं वळणच असेल. ते लोक फिरवत असतील 'आई'."

"फिरवतत," गौरवी म्हणाली. "पण सोडतत पण." आणि तिचा चेहरा एकदम लहान झाला. "मामी बरोबर सांगता. माका सोडूकच जमणा नाय. सोडली आणि कोणी धरूकच नाय तर? आई गेल्यार मी एकदाव त्या घरात जावक नाय. कुलूप काढलंय आणि आतसून कोण बोलूकच नाय तर काय करू मी?"

ती रडू लागली. मोठ्यानं नव्हे. ताटावर वाकून, खरकटा हात तसाच धरून. विनिता माझी बहीण होती आणि ह्या पोरीची आई. दोन वर्षांत आम्ही दोघांनी तिच्याबद्दल एक वाक्य धड बोललेलं नव्हतं. फोनवर 'जेवलंस?' आणि 'जेवलंय.' बस्स.

ते गाणं काय होतं ते मला त्या क्षणी कळलं. शाळेत जाऊ लागल्यावर, गुरुवारी विनिता भजनाला गेली की ही पोर घरी आजीपाशी राहायची आणि दाराची कडी काढून ठेवून वाट बघत बसायची. 'कडी काढून ठेवली, आई.' आणि त्याला उत्तर : 'येतंय गे बाय, येतंय.' हे उत्तर विनिता गडग्यापाशी आल्यावर लांबूनच द्यायची. आम्ही सगळ्यांनी ते शेकडो वेळा ऐकलेलं. ते गौरवीनं जसंच्या तसं गाण्यात घेतलं होतं.

सुमंगलेनं डावा हात तिच्या पाठीवर ठेवला. तिचा उजवा हातही खरकटाच होता.

"सव्वीस वर्सां तुझ्या आईची ओळ झेललंय मी," ती म्हणाली. "विचार तुझ्या मामाक. एक तरी खाली पडली?"

"एकही नाही," मी म्हणालो. मला गाण्यातलं कळत नाही, पण हे मला ठाऊक होतं.

"मगे? सोड तू. मी आसंय."

जेवण आवरल्यावर सुमंगलेनं सूत्रं हातात घेतली. काचेच्या खोलीत चटई घालायला लावली. गौरवी आणि ती, दोघीही आत बसणार, खाली मांडी घालून. साईशनं डोक्याला हात लावला. "काकी, दोन माईक एका खोलीत लावले तर तुमचा आवाज तिच्या माईकमध्ये शिरणार आणि तिचा तुमच्या. मग मला ते वेगळे काढता येणार नाहीत."

"कित्याक काढूचे?" सुमंगला म्हणाली.

साईश दुसरा माईक आणायला गेला. सकाळसारखं मला काचेबाहेरच बसावं लागलं असतं. सुमंगला म्हणाली, "ह्यांका हय बसवा," म्हणून माझी खुर्चीही आत आली. "काका, प्लीज," साईश मला हात जोडून म्हणाला. मी मान हलवली, तेवढ्यानंही ती कुरकुरली.

दोघींनी हेडफोन एकाच कानावर ठेवले, दुसरा कान एकमेकींसाठी मोकळा. गौरवी समोरासमोर बसायला गेली तर सुमंगला उठली आणि तिच्या डाव्या हाताला जाऊन बसली. थोडी मागे. तिची नेहमीची जागा.

वाद्यं सुरू झाली. ऑर्गन, मग त्याखाली संथ चालणारा ढोल. गौरवी गायला लागली. या वेळी तिनं 'आई'ला लावलेली सगळी वळणं काढून टाकली. 'कडी काढून ठेवली, आई' एवढंच, साधं. आणि शेवटच्या अक्षराला तिचा उजवा हात मांडीवरून किंचित वर उचलला गेला आणि मान डावीकडे वळली.

ते विनिताचं होतं. ती हाताची उचल, ती मान. ते तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. चार वर्षांची असताना आईच्या मांडीवर बसून झोपेतसुद्धा तिनं ते बघितलं असणार.

मग काहीच आलं नाही. नुसता ऑर्गन. अरुंद पुलावर समोरचा ट्रक थांबतो, दिवा मारून आपल्याला ये म्हणतो, आणि मध्ये सगळा पूल मोकळा दिसतो, तसं ते मोकळं. मला वाटलं, गेलं. सातव्या वेळीही गेलं.

'येतंय गे बाय, येतंय.'

सुमंगलेचा आवाज गोड नाही. कधीच नव्हता. जरा जाड, कडेला खरखरीत. पण तो आला तो खालून, जमिनीतून आल्यासारखा, आणि त्यानं ती ओळ दोन्ही हातांनी उचलली. मी पुढे झुकलो. खुर्ची वाजली. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. गौरवी रडत नव्हती, हसत होती, आणि दुसरी ओळ सोडत होती, आणि तिसरी. एकही खाली पडली नाही.

गाणं संपल्यावर साईश बटण दाबायचंच विसरला. बऱ्याच वेळानं त्याचा आवाज आला, "सेफ्टीला आणखी एक घेऊया?"

"कित्याक?" सुमंगला म्हणाली. "ह्याका काय झाला?"

अल्बम एप्रिलात आला. नऊ गाणी, आमचं पाचवं. सगळं फोनवरच असतं आता, तबकडी नाही की कॅसेट नाही. पण गावात ह्या खेपेस लोकांनी खरोखर ऐकलं, कारण 'बरो आसा' न म्हणता त्यांनी चुका काढल्या. ढोल फार संथ आहे, गौरवीनं मध्येच इंग्रजी कशाला घातलं, वगैरे. सुमंगलेबद्दल मात्र कोणी काही बोललं नाही. येता-जाता बायका नुसत्या तिच्या हाताला धरून जात. दोन मिनिटं अकरा सेकंदांवर एक खुर्ची वाजते. तो मी. साईश ते काढणार होता, गौरवीनं काढू दिलं नाही. आता मी भाड्याला जाईन तिथं ते लोकांना ऐकवतो.

मनीषा घरी आली, सुमंगलेचे टाळ घेऊन. "वैनी, गुरुवारी येया. मी मोबाईल बघूचंय नाय." सुमंगला "बगूया" म्हणाली आणि तीन आठवडे गेली नाही. मग गेली. मनीषा अजूनही मोबाईल बघतेच, पण आता तो डाव्या बाजूला ठेवते, म्हणजे नजर निदान त्या अंगाला तरी जाते. चाललंय.

गौरवीही एका रविवारी आली. आम्ही तिघांनी मिळून विनिताच्या घराचं कुलूप काढलं. आतून कोणी बोललं नाही. वाळवीनं एक फडताळ खाल्लं होतं, बाकी सगळं जागेवर. पोरीनं दिवसभर झाडलोट केली, रहाटाला तेल घातलं, आणि जाताना किल्ली मामीच्या हातात दिली. तेव्हापासून सुमंगला रोज सकाळी गडगा ओलांडून जाते आणि त्या घराचं मागचं दार उघडून येते. घराला वारा लागायला पाहिजे, म्हणते.

परवाची गोष्ट. मी मागच्या अंगणात माडाची सुकलेली चुडतं तोडत बसलो होतो. पावसाळ्याआधी बंबासाठी एवढी तोडून माडीखाली रचून ठेवावी लागतात. माझ्या कोयत्याचा ठक ठक आवाज चालला होता. सुमंगला पलीकडचं दार उघडून परत आली, चुलीवर तवा ठेवला आणि जनेलापाशी उभी राहिली. आणि ती गायला लागली. स्वतःहून. पहिली ओळ. उत्तराची नव्हे, सोडायची.

'कडी काढून ठेवली, विनिता...'

आयुष्यात तिनं कधी पहिली ओळ गायली नव्हती. मला वाटतं, तिलाही ते गाऊन झाल्यावरच कळलं असावं. तिनं ओळ सोडली आणि जनेलातून पलीकडे, त्या उघड्या दाराकडे बघत थांबली.

माझा कोयता वर होता. तो मी तसाच वर धरून ठेवला. 'येतंय गे बाय, येतंय' एवढं म्हणायला जितका वेळ लागतो तितका वेळ. ती ओळ मला पाठ होती, ओठांपर्यंत आलीही होती. पण ती जागा माझ्या बहिणीची होती. तव्यावर काहीतरी चुरचुरत होतं, तेवढंच.

मग सुमंगलेनं पुढची ओळ घेतली, आणि मी कोयता खाली आणला.